तळे आणि पालिका : तेलीबांध्याच्या निमित्ताने

रायपूर शहराच्या पूर्व अंगाला, नागपूरहून कोलकात्याकडे जाणाऱ्या जुन्या ग्रेट ईस्टर्न रोडच्या कडेला, तेलीबांधा नावाचे तळे आहे. या नावाची फोड करणे कठीण नाही. बांध घालून अडवलेले पाणी तो 'बांधा'. आणि तो ज्यांच्या नावाने लोकांच्या तोंडी राहिला ते तेली. छत्तीसगडात राजांच्या, दिवाणांच्या आणि महंतांच्या नावांची तळी पुष्कळ आहेत. खुद्द रायपुरात राजातालाब आहे, महाराजबंध आहे. परंतु घाण्यावर राबणाऱ्या समाजाचे नाव एका जलाशयाला लाभावे आणि पुढे तेच गावाचे, रेल्वे स्थानकाचे व शहराच्या एका विभागाचे नाव व्हावे, ही घटना लहान असली तरी अर्थशून्य नाही. राजसत्तेच्या इतिहासाशेजारी सार्वजनिक जीवनाचा आणखी एक इतिहास नांदत असतो, आणि त्याची नोंद बखरींपेक्षा अशा स्थलनामांतच अधिक सापडते.

छत्तीसगडच्या गावगाड्यात तळ्याचे स्थान महाराष्ट्रातील विहिरीहून निराळे आहे. भातशेतीच्या या मुलखात गाव म्हणजे निदान एक तळे, असे समीकरणच होते. तळ्याच्या पायऱ्यांना येथे 'पचरी' म्हणतात. स्नान, धुणे, गुराढोरांचे पाणी या नित्याच्या गरजांना 'निस्तार' असा शब्द आहे. श्रावणात उगवलेली भोजली आणि नवरात्रातले जंवारा याच पाण्यात विसर्जित होतात. नव्या तळ्याचे विधिपूर्वक लग्न लावून त्याच्या मध्यभागी लाकडी स्तंभ रोवण्याची चालही या प्रदेशात आहे. ज्याचे लग्न लागते ते केवळ मालमत्ता राहत नाही, घरातले माणूस होते. या लोकाचारामागे एक सामाजिक करार आहे : तळे सर्वांचे, म्हणून त्याचा गाळ काढण्याचे कामही सर्वांचे. जमिनीच्या बाबतीतही असाच एक रिवाज येथे होता. 'लाखाबाटा' या पद्धतीनुसार गावातील जमिनीची काही वर्षांनी फेरवाटणी होई आणि चांगल्या व हलक्या जमिनीचा वाटा प्रत्येकाच्या पदरी येई. या कारभाराचा प्रमुख गौंटिया. मराठी वाचकाला त्याच्यात पाटलाची छाया दिसेल. मात्र देशावरच्या पाटलाला जसे वंशपरंपरेने आलेले वतन होते, तसे स्थिर वतन गौंटियाला नव्हते.

या जगात मराठी माणूस आला तो राज्यकर्ता म्हणून. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत कोल्हटकर रतनपुरावर चालून गेले आणि कलचुरींची कित्येक शतकांची सत्ता ओसरू लागली. 1758 ते 1787 या काळात बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून कारभार केला. त्यांच्यानंतर नागपूरहून नेमलेले सुभेदार आले. विठ्ठल दिनकर या सुभेदाराने जुन्या गढ्यांची व्यवस्था मोडून परगण्यांची नवी रचना केली. कमाविसदार, फडणवीस, बरारपांडे ही पदे त्या रचनेतली. मोडी लिपीतील हिशेब, मराठी हुकूम आणि दसऱ्याला सोने वाटण्याची चाल या प्रदेशात रुजली ती याच काळात. तथापि या राजवटीचे लक्ष प्रामुख्याने वसुलीकडे होते. गाव हा तिच्या दृष्टीने जमाखर्चातला एक आकडा होता. तळ्याचा बांध फुटला तर कोणी बांधावा, हा प्रश्न सुभेदाराच्या दफ्तरातला नव्हता, गौंटियाच्या अंगणातला होता. मराठी अंमलाने गावाची अंतर्गत व्यवस्था फारशी मोडली नाही, हे त्याचे श्रेय मानावे की ती जाणून घेण्याची तसदी घेतली नाही हा दोष मानावा, याचा निवाडा सोपा नाही.

1818 मध्ये इंग्रज अधीक्षक ॲग्न्यू याने कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलवले. 1830 मध्ये प्रदेश पुन्हा भोसल्यांकडे गेला आणि 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा होताच कायमचा इंग्रजी अमलाखाली आला. त्यानंतरच्या जमाबंदीने जो बदल घडवला तो सत्तांतराहून मोठा होता. गौंटिया आता मालगुजार, म्हणजे गावाचा मालक ठरला. गावच्या चालीरीती 'वाजिब-उल-अर्ज' या दस्तऐवजात नोंदवल्या जाऊ लागल्या आणि तळ्यावरचा लोकांचा निस्तार हा आचार न राहता कागदावरचा हक्क झाला. लेखी हक्काला अदालतीत आधार मिळतो हे खरे. पण ज्याला लिहिता-वाचता येते त्याच्याच हाती तो हक्क राहतो, हेही तितकेच खरे. लाखाबाट्याची फेरवाटणी या नव्या मालकीच्या कल्पनेत बसणारी नव्हती, आणि ती हळूहळू मावळली.

याच सुमारास, 1867 मध्ये, रायपुरात नगरपालिका स्थापन झाली. 18 मे 1882 रोजी लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव काढला आणि 1883 मध्ये मध्य प्रांताचा स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला. ग्रामीण भागासाठी लोकल बोर्डे आणि जिल्हा कौन्सिले आली. येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. ज्या इंग्लंडातून ही कल्पना आली, तेथील खेड्यांत पॅरिश हा घटक शतकानुशतके होता. चर्चच्या आवारातली व्हेस्ट्री नावाची सभा रस्ते आणि गरिबांचे पोषण पाहत असे. पण निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिलचा कायदा तेथे 1894 मध्ये झाला, म्हणजे मध्य प्रांताच्या कायद्यानंतर अकरा वर्षांनी. यावरून वसाहतीला मायदेशाआधी स्वराज्य मिळाले असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. लोकल बोर्डांवर येत ते गावांच्या मुकद्दमांचे आणि व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी व सरकारनियुक्त सभासद. पचरीवर धुणे धुणाऱ्या बाईला किंवा तळ्याखालच्या शेतात रोवणी करणाऱ्या मजुराला त्यात आवाज नव्हता. तरीही सभा, ठराव, इतिवृत्त आणि जमाखर्चाची तपासणी यांची सवय समाजाला लागली ती या संस्थांतूनच, हे नाकारता येत नाही.

नगरपालिकेच्या काळातील सर्वांत दूरगामी घटना म्हणजे नळाचे पाणी. 1892 मध्ये खारून नदीवरून शहराला पाणी पुरवणारी योजना पूर्ण झाली. तिचा खर्च सुमारे 3 लाख 38 हजार रुपये होता. त्यापैकी 2 लाख राजनांदगावचे राजे बलरामदास यांनी दिले आणि योजनेला त्यांचेच नाव मिळाले. 1901 च्या शिरगणतीत रायपूरची वस्ती 32,114 होती. एवढ्या शहराला स्वच्छ पाणी मिळणे हे निःसंशय उपकारक होते. पण ज्या दिवशी पाणी नळातून येऊ लागले, त्या दिवसापासून तळे ही गरजेची वस्तू उरली नाही. आणि ज्याची गरज नाही त्याचा गाळ कोण काढणार? नगरपालिकेने पाण्याची जबाबदारी घेतली आणि नागरिकाने ती सोडली. शहराच्या वेशीबाहेरच्या तेलीबांध्यासारख्या तळ्यांवर हा परिणाम उशिरा झाला, पण झाला.

ज्यांचे पूर्वज वसुलीचे हिशेब लिहीत आले होते, त्या मराठी समाजातील काही मंडळी याच काळात नागरी जीवनाच्या बांधणीकडे वळली. माधवराव सप्रे (1871-1926) हे त्यांतले अग्रणी नाव. त्यांचा जन्म दमोह जिल्ह्यातील पथरिया येथला. शिक्षण बिलासपूर, रायपूर येथे झाले. जानेवारी 1900 मध्ये पेंड्रा येथून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. संपादनात रामराव चिंचोलकर त्यांच्यासोबत होते आणि प्रकाशनाची बाजू वामनराव लाखे यांनी सांभाळली. तिघेही मराठी भाषक, आणि मासिक हिंदी. या निवडीचे मोल ओळखले पाहिजे. आपल्या भाषेच्या छोट्या वर्तुळात प्रतिष्ठा मिळवणे त्यांना सोपे होते. त्यांनी शेजाऱ्याची भाषा पत्करली, कारण शिक्षणाचा प्रसार ज्यांच्यात करायचा ते लोक ती भाषा जाणत होते. मासिक 1902 च्या अखेरीस बंद पडले. पुढे सप्र्यांनी समर्थांचा 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणले, आणि 1924 मध्ये देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मराठीने त्यांना गमावले असे नव्हे. त्यांच्या रूपाने मराठी विचारधन शेजारच्या घरी पोहोचले.

लाखे यांची वाट निराळी होती. वकिलीबरोबर त्यांनी सहकाराचे काम अंगावर घेतले. 1913 मध्ये रायपुरात सहकारी बँक उभी राहिली ती मुख्यतः त्यांच्या खटपटीने. सावकाराच्या दारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला बी-बियाण्यासाठी वाजवी व्याजाने पैसा मिळावा, हा तिचा हेतू. सरकारने दिलेली 'रायसाहेब' ही पदवी त्यांनी असहकाराच्या काळात परत केली. एका पिढीचा हा प्रवास लक्षात घेण्याजोगा आहे : कमाविसदाराच्या वहीत शेतकऱ्याकडून काय यायचे ते लिहिलेले असे; बँकेच्या वहीत त्याला काय द्यायचे तेही लिहिले जाऊ लागले.

1920 नंतर स्थानिक संस्थांचे स्वरूपच पालटले. रविशंकर शुक्ल यांच्या नेतृत्वाखाली रायपूरची जिल्हा कौन्सिल शाळांच्या द्वारे राष्ट्रीय जागृतीचे केंद्र बनली. तिच्या वतीने 'उत्थान' नावाचे मासिकही निघत असे. रस्त्याची खडी, शाळेचे छप्पर आणि शिक्षकाचा पगार यांवर वाद घालणारी सभा परकीय सत्तेला प्रश्न विचारू लागली. 1935 मध्ये रायपुरात महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. याचा अर्थ असाही लावता येतो की मराठी आता कारभाराची भाषा राहिली नव्हती. ती घराची, गणेशोत्सवाची आणि ग्रंथालयाची भाषा झाली होती, आणि तिला जपण्यासाठी वेगळ्या संस्थेची आवश्यकता भासू लागली होती. राज्यकर्त्यांच्या भाषेचा हा ऱ्हास खेदाचा विषय मानण्याचे कारण नाही. एक समाज राज्यकर्ता होता तो नागरिक झाला, एवढाच त्याचा अर्थ.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, 1946 मध्ये, मध्य प्रांत व वऱ्हाडात पंचायत कायदा झाला; 1948 मध्ये द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने जनपद सभांची योजना अमलात आली. मालगुजारी संपली आणि गावतळी शासनाकडे वा पंचायतींकडे आली. 1967 मध्ये रायपूर नगरपालिकेची महानगरपालिका झाली. 1993 मध्ये 73 वी आणि 74 वी घटनादुरुस्ती अमलात येऊन पंचायती व पालिकांना संविधानाचा आधार मिळाला, स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखल्या गेल्या. पचरीवरच्या ज्या बाईला 1883 च्या कायद्यात आवाज नव्हता, ती आता सभागृहात बसू शकते. गावगाड्याच्या गोडव्यात रमणाऱ्यांनी हे विसरता कामा नये की जुन्या तळ्यावर सर्वांचा निस्तार होता, पण सर्वांचा घाट एक नव्हता. जातीजातींचे घाट वेगळे होते आणि गौंटियासमोर सर्वांचे शब्द सारख्या वजनाचे नव्हते.

तेलीबांध्यापुरते पाहायचे तर विसाव्या शतकाने येथे पुष्कळ उलथापालथ केली. शतकाच्या आरंभी रायपूर-धमतरी ही अरुंद मापाची रेल्वे येथून धावू लागली. अभनपुराहून तिचा एक फाटा राजिमला जाई. राजिम हे नाव एका तेलिणीच्या भक्तीशी जोडणारी कथा त्या भागात प्रसिद्ध आहे. तेव्हा तेलीबांध्याहून निघालेली गाडी एका श्रमिक समाजाच्या नावाकडून त्याच समाजाच्या श्रद्धेकडे जात होती, असे म्हणता येईल. शहर पूर्वेकडे पसरत आले आणि वेशीबाहेरचे तळे वस्तीच्या मध्यात सापडले. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड राज्य जन्मले, रायपूर राजधानी झाले. तळ्याच्या काठावर फरसबंद फिरण्याची वाट, दिवे आणि बाग आली. लोक त्याला 'मरीन ड्राईव्ह' म्हणू लागले. 2016 मध्ये तेथे 82 मीटर उंचीच्या स्तंभावर राष्ट्रध्वज फडकला. 2017 मध्ये शहरातील रेल्वेमार्ग बंद झाला आणि त्याच्या जागी द्रुतगती रस्ता झाला.

सायंकाळी तेथे जमणारी गर्दी पाहून तळे जगले असे म्हणावेसे वाटते, आणि त्यात तथ्यही आहे. बुजवून इमारती उभ्या केलेल्या तळ्यांच्या तुलनेत तेलीबांधा सुदैवीच. पण काठावर फिरायला येणारा माणूस आणि पाण्यात उतरणारा माणूस यांचे तळ्याशी नाते एक नसते. पहिला पाहतो, दुसरा वापरतो आणि म्हणून राखतो. पालिकेने तळे सुशोभित केले तरी त्याच्या राखणीत नागरिकाला वाटा दिला नाही, तर निवडून आलेली सभाही सुभेदाराच्या कचेरीसारखीच दूरची होते. कर भरणारा आणि कर घेणारा एवढेच नाते मग उरते.

या संदर्भात सप्र्यांच्या एका कथेची आठवण अपरिहार्य आहे. 1901 मध्ये 'छत्तीसगढ मित्र'मध्ये आलेली 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा हिंदीतील आरंभीच्या कथांमध्ये गणली जाते. वाड्याचे आवार वाढवण्यासाठी एक जमीनदार विधवेची झोपडी न्यायालयामार्फत ताब्यात घेतो. त्या जागेची एक टोपली माती ती मागते आणि टोपली उचलून देण्यास त्यालाच विनवते. ती त्याला उचलत नाही. तेव्हा एवढ्या साऱ्या जमिनीचे ओझे जन्मभर कसे वाहाल, असा तिचा प्रश्न येतो आणि जमीनदार वरमतो. कायदा जमीनदाराच्या बाजूने होता. न्याय त्या टोपलीत होता. तेलीबांध्याचा बांधही कधी काळी अशाच टोपल्या डोक्यावरून वाहून रचला गेला असणार. त्या वाहणाऱ्यांची नावे कोणत्याही दफ्तरात नाहीत. त्यांच्या समाजाचे नाव मात्र तळ्याने राखले आहे, आणि त्या पाण्याचा कारभार ज्या सभागृहात चालतो तेथे या नावाचे स्मरण असणे अगत्याचे आहे.