टर्बो गरम आहे

पडघ्याच्या धाब्यावर माझा एक जुना विद्यार्थी ट्रक उभा करूनही इंजिन बंद करीना. म्हटलं, "अरे, डिझेल का जाळतोस?"

"गुरुजी, टर्बो गरम आहे."

वाया जाणाऱ्या धुराने चाक फिरवून इंजिनात जादा हवा कोंबायची, ही युक्ती स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांची, १९०५ सालची. दिलीप छाब्रियांची 'अवंती' ही स्पोर्ट्स कार २०१२ साली दिल्लीत झळकली, तिच्या रेनॉ इंजिनातही तीच. हे चाक मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं, तेही तेलाच्या पातळ थरावर! तापलेलं इंजिन एकदम बंद केलं, की तिथलं तेल जळून कोळसा होतं. (नव्या गाड्यांत पाण्याने थंड करायची सोय असते म्हणा.)

पुतण्या नाशिकहून जुनी गाडी दामटत यायचा आणि दारात लगेच चावी काढायचा. टर्बो गेला. मी कितीदा शेजारी बसलो होतो, पण बोललो नाही.