दोन बिंदू, एक रेषा : नहराच्या उताराचे गणित

गोंदिया : दहावीच्या भूमितीत 'रेषेचा चढ' हा भाग अनेक विद्यार्थी केवळ सूत्र पाठ करून सोडवितात. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा मात्र तलावांचा व धानाचा जिल्हा आहे. येथे याच सूत्रावर बांधीपर्यंत पाणी पोहोचणे अवलंबून असते. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या उभारलेले तलाव असोत, की गाढवी नदीवरील इटियाडोह धरण. त्यांचे पाणी शेतात जाते ते उताराच्या बळावर.

दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते. ती किती चढते वा उतरते, हे सांगणारी संख्या म्हणजे तिचा चढ. पहिल्या बिंदूचे निर्देशक (क्ष१, य१) व दुसऱ्याचे (क्ष२, य२) असतील, तर

चढ = (य२ − य१) ÷ (क्ष२ − क्ष१)

म्हणजेच उंचीतील फरकाला आडव्या अंतरातील फरकाने भागावयाचे. 

उदाहरणादाखल एक नहर घेऊ. आरंभापासून ५०० मीटरवर तिच्या तळाची उंची, म्हणजे तलांक, २४८.६० मीटर आहे. २१०० मीटरवर तो २४७.८० मीटर आहे. उंचीतील फरक −०.८० मीटर, अंतरातील फरक १६०० मीटर. भागाकार −०.०००५. म्हणजे दर दोन हजार मीटरला एक मीटर उतार. ऋण चिन्ह उतार दर्शविते, धन चिन्ह चढ.

येथे दोन चुका हमखास होतात. पहिली क्रमाची. वर दुसऱ्या बिंदूतून पहिला वजा केला असेल, तर खालीही तोच क्रम हवा. दोन्हीकडे क्रम उलटविला तरी उत्तर तेच येते. एकाच ठिकाणी उलटविला तर चिन्ह बदलते आणि कागदावर पाणी उलटे वाहू लागते. दुसरी चूक एककांची. उंची मीटरमध्ये आणि अंतर १.६ किलोमीटर असे घेतल्यास उत्तर −०.५ येते, असा उतार कड्याला शोभेल, नहरीला नव्हे.

आडव्या रेषेचा चढ शून्य असतो. उभ्या रेषेत आडवे अंतर शून्य असल्याने भागाकारच करता येत नाही. तिचा चढ ठरविता येत नाही.

उतार किती असावा, यालाही मर्यादा आहेत. तो फार कमी झाल्यास प्रवाह मंदावून गाळ बसतो. फार वाढल्यास मातीचा तळ खरवडला जातो.

मात्र दोन टोकांचा चढ योग्य आला म्हणजे नहर ठीक आहे, असे होत नाही. वरील उदाहरणात मधोमध, १३०० मीटरवर, तलांक २४८.२० मीटर हवा. गाळामुळे तो २४८.४० झाला असेल, तर पहिल्या टप्प्याचा चढ −०.०००२५, म्हणजे नियोजित उताराच्या निम्माच राहतो. दुसऱ्या टप्प्याचा −०.०००७५ होतो. टोकापासून टोकापर्यंतचा आकडा मात्र −०.०००५ असाच येतो. मधला तलांक २४८.७० वर गेला, तर पहिल्या टप्प्यात तळ चक्क चढू लागतो. पाणी तेथे तुंबते आणि शेवटच्या शेतकऱ्याची बांधी कोरडी राहते. कागदावरील उतार तेव्हाही निर्दोषच दिसतो.

तिन्ही बिंदू एका रेषेत आहेत काय, हे तपासण्याची पाठ्यपुस्तकातील रीतही हीच आहे : दोन-दोन बिंदूंचे चढ काढावेत, ते समान आले तरच बिंदू एकरेषीय. म्हणूनच नहरीची मोजणी करताना लेव्हल यंत्र केवळ दोन टोकांना न लावता ठरावीक अंतरांवर तलांक घेतले जातात. धानाला पाणी हवे असते तेव्हा मधला एक चुकलेला बिंदूही हंगाम गमावण्यास पुरेसा ठरतो.