काचेंतील समुद्र

लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं मत्स्यगृह उघडलें, आणि काचपेटींत समुद्र जगविण्याच्या कलेचें श्रेय त्यासाठीं जीव गोळा करणाऱ्या फिलिप गॉस यांच्याकडे गेलें. आमच्या मतें त्याचा पहिला मान ॲना थिन या बाईंचा आहे. १८४६ सालीं त्यांनीं टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळें लंडनला आणलीं. खारें पाणी मोजकेंच; म्हणून घरांतील एक लहानशी मोलकरीण तेंच पाणी उघड्या खिडकीपाशीं अर्धा-पाऊण तास या भांड्यांतून त्या भांड्यांत ओतीत असे. तिला त्यांत मौज वाटे, असें बाई सांगतात. पोरीचें म्हणणें कोणीं विचारलें होतें! पुढल्या वर्षीं बाईंनीं समुद्रवनस्पतीहि पाण्यांत सोडल्या, आणि प्रवाळें जगलीं.

तीं कां जगलीं, हें मात्र तेव्हां पुरतें उमगलें नव्हतें. प्राण्यांच्या मलमूत्रांतून पाण्यांत अमोनियाचें विष उतरतें. त्याचें नायट्राइट व पुढें पुष्कळच सौम्य असें नायट्रेट करणारे जंतु दगड-वाळूवर वस्ती करतात. जमिनींतील अशा जंतूंचें कार्य विनोग्राडस्कीनें १८९० च्या सुमारास उलगडलें. नव्या पेटींत ही वस्ती जमण्यास कित्येक आठवडे लागतात; तोंपर्यंत मासे सोडणें म्हणजे त्यांचा घातच. बाईंच्या प्रवाळांबरोबर हे जंतूहि नकळत आले असावेत, आणि मोलकरणीच्या ओतण्यानें त्यांनाहि प्राणवायु मिळत होता.