चार-दोन-चार (४-२-४)

फुटबॉलमधील एक आक्रमक संघरचना. गोलरक्षक सोडून उरलेले दहा खेळाडू बचावफळीत चार, मधल्या फळीत दोन आणि आघाडीवर चार असे उभे राहतात. १९५८ साली स्वीडनमध्ये ब्राझीलने आपला पहिला विश्वचषक याच रचनेवर जिंकला.

त्याआधी बहुतेक संघ डब्ल्यू-एम पद्धतीने खेळत. तीत तीनच बचावपटू असत आणि प्रत्येकाने आपापल्या प्रतिस्पर्ध्याला चिकटून राहायचे असे. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बलीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असे हरवले, तेव्हा या पद्धतीचे वर्म उघडे पडले. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड हिदेगकुटी मागे सरकून खेळे. त्याच्या पाठीवर जावे तर गोलसमोर खिंडार पडे, जागा धरून राहावे तर तो मोकळा सुटे. त्या सामन्यात त्याने तीन गोल केले. हंगेरीचाच झाकारियाश मधल्या फळीतून मागे येऊन चौथ्या बचावपटूचे काम करी. पुढे हंगेरियन प्रशिक्षक बेला गुटमान याने चार बचावपटूंच्या अशाच रचनेने १९५७ मध्ये ब्राझीलमधील साओ पावलो क्लबला राज्य विजेतेपद मिळवून दिले. त्याच क्लबात काम केलेला व्हिसेंते फेओला वर्षभराने ब्राझीलचा प्रशिक्षक झाला.

फेओलाच्या संघात बचावपटू माणसाला नव्हे, मैदानाचा आपला भाग सांभाळत. मध्ये बेलिनी आणि ओर्लांदो, कडांना द्जाल्मा सांतोस आणि निल्तों सांतोस. चौथा गडी मिळाल्याने कडेच्या फुलबॅकला पुढे धावण्याची मोकळीक मिळाली. ऑस्ट्रियाविरुद्ध निल्तोंने अशीच मुसंडी मारून गोल केला. मधल्या फळीत झिटो चेंडू हिसकावी आणि जागा राखी, तर दिदी लांब पासने आघाडीला चेंडू पुरवी. आघाडीत वावा पेनल्टी क्षेत्रात घुसे, सतरा वर्षांचा पेले त्याच्या किंचित मागे राही. उजव्या कडेला गारिंचा. अंतिम सामन्यात स्वीडनने आधी गोल केला, पण गारिंचाने दोनदा उजवीकडून बचाव भेदून चेंडू आत दिला आणि दोन्ही वेळा वावाने गोल केला. ब्राझील ५-२ असा जिंकला.

रचनेचा दुबळा सांधा मध्यभागी आहे. समोर तीन मिडफिल्डर आले की दोघांची दमछाक होते आणि आघाडीचे चौघे चेंडूवाचून तिष्ठत राहतात. ब्राझीलसाठी ही उणीव डावा विंगर झागालो भरून काढी. चेंडू गेला की तो मधल्या फळीत परते, मिळाला की पुन्हा कड गाठे. पेले आणि गारिंचा यांच्या तेजापुढे त्याचे नाव मागे पडते, पण ही रचना तोलून धरणारा खेळाडू तोच होता. १९६२ च्या चिलीतील विश्वचषकात तो इतका मागे खेळला की ती रचना प्रत्यक्षात ४-३-३ झाली. ब्राझीलने तोही चषक जिंकला.

युरोपात जॉक स्टाइनच्या सेल्टिकने ४-२-४ यशस्वी केली. मध्ये मर्डोक आणि ऑल्ड असत. फुलबॅक सतत पुढे येत. २५ मे १९६७ रोजी लिस्बनला युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात इंटर मिलानच्या भक्कम बचावावर सेल्टिकचा पहिला गोल केला तो डावा फुलबॅक टॉमी गेमेलने. सेल्टिक २-१ असा जिंकला आणि युरोपियन कप प्रथमच ब्रिटनमधील क्लबाकडे गेला.