सोंगातला रावण आणि संघातला दुष्ट

जळगावात दसऱ्याला मेहरूण तलावाच्या परिसरात रावणदहनाचे कार्यक्रम होत आले आहेत. तेथील रावण बांबू-कागदाचा असल्याने दुष्टाची भूमिका कोणा माणसाच्या वाट्याला येत नाही. धुळे जिल्ह्याच्या पश्चिमेस, साक्री तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यात चित्र वेगळे आहे. तेथील भोवाड्यात रावणाच्या मुखवट्याआड गावातलाच माणूस उभा असतो.

भोवाडा हा कोकणा व अन्य आदिवासी समाजांचा मुखवटानाट्याचा उत्सव आहे. नाशिक, पालघर जिल्ह्यांत तो बोहाडा म्हणून ओळखला जातो, तर सीमेपलीकडे गुजरातच्या डांगमध्येही त्याची परंपरा आहे. होळीनंतर उन्हाळ्याच्या दिवसांत तो रात्री रंगतो. आरंभी गणपती व शारदेचे सोंग येते. मग संबळाच्या तालावर राम, मारुती, भीम, रावण, त्राटिका, वेताळ अशी सोंगे एकामागून एक नाचत येतात. शेवटी देवी व म्हैषासुराचे युद्ध होते.

दुष्टाचाही मान

येथे सुष्ट-दुष्टाची वाटणी व्यक्तीच्या स्वभावावरून होत नाही. अनेक गावांत विशिष्ट सोंग घेण्याचा मान विशिष्ट घराण्याकडे चालत आलेला असतो. राक्षसाच्या मुखवट्याचीही पूजा होते आणि त्याचे सोंग घेणे कमीपणाचे मानले जात नाही. म्हैषासुर तयार नसेल तर देवीचे युद्धच होणार नाही, हे गाव जाणून असते. दुष्ट पात्र हे संघाचे शत्रू नसून संघाची गरज आहे, असा या रचनेचा अर्थ.

टेबलावरचा खेळ

हाच प्रश्न आधुनिक भूमिका-खेळांत निराळ्या रूपाने उभा राहतो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. चार-पाच खेळाडू प्रत्येकी एक पात्र घेऊन एक संघ बनवतात आणि सूत्रसंचालक त्यांच्यापुढे प्रसंग मांडतो. प्रारंभी पात्राची वृत्ती नियमनिष्ठ, तटस्थ वा स्वैर अशी तीनच प्रकारांत ठरे. पुढे सुष्ट-दुष्ट हा दुसरा अक्ष जोडला गेला आणि १९७८ च्या नियमपुस्तकात दोन्ही अक्षांच्या मेळातून नऊ वृत्ती सिद्ध झाल्या.

त्या नियमांनुसार पॅलाडिन हा धर्मयोद्धा नियमनिष्ठ व सुष्टच असावा लागे आणि त्याची कायमची सोबत सुष्ट पात्रांशीच असे. मारेकरी मात्र दुष्टच असला पाहिजे, असे बंधन होते. साहजिकच एका खेळाडूने पॅलाडिन व दुसऱ्याने मारेकरी निवडला, की खेळ सुरू होण्यापूर्वीच संघात फूट पडे.

फूट कशाने पडते?

वृत्तीतील भेद हेच फुटीचे एकमेव कारण नव्हे. दुष्ट पात्रही स्वार्थासाठी, सूडासाठी किंवा समान शत्रूपोटी संघाशी प्रामाणिक राहू शकते. ते सोबत्यांच्याच थैलीला हात घालू लागले, की पेच निर्माण होतो. ‘माझे पात्र असेच वागले असते’ ही सबब तेव्हा हमखास पुढे येते. परंतु ते पात्र खेळाडूनेच घडवलेले असते, त्यामुळे जबाबदारीही त्याचीच. दुसऱ्या बाजूने, सुष्ट पात्र इतरांच्या प्रत्येक कृतीचा न्यायनिवाडा करू लागले तरी संघ तितकाच जेरीस येतो.

भोवाड्यात शेवट सर्वांना ठाऊक असतो, म्हणून म्हैषासुराच्या आवेशाने कोणाचे नुकसान होत नाही. भूमिका-खेळात मात्र शेवट ठरलेला नसतो. तेथे मर्यादा आधी बोलूनच आखाव्या लागतात. संघातील चोरी, विश्वासघात, परस्परांवरील हल्ला यांपैकी काय चालेल आणि काय नाही, हे पहिल्या बैठकीतच ठरवणे हिताचे असते.

दुष्ट ठरवणार कोण?

काळाबरोबर नियमही सैल झाले. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत नऊऐवजी पाचच वृत्ती राहिल्या, तर २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने पॅलाडिनवरील वृत्तीचे बंधन काढले. पात्राला शिक्का मारण्याऐवजी त्याच्या कृतीकडे पाहावे, असा हा कल आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ खेळापुरता नाही. अकोला जिल्ह्यातील सांगोळा येथे रावणाची मूर्ती पूजली जाते आणि राज्यातील काही आदिवासी संघटनांनी रावणदहनास विरोध नोंदवला आहे. एकाचा दुष्ट हा दुसऱ्याचा पूर्वज असू शकतो. पुतळा जाळून हा वाद मिटत नाही. भोवाड्यात रात्र सरली, की रावण व राम मुखवटे उतरवतात आणि एकाच गावात नांदतात. कोणत्याही संघाने त्यापासून एवढे घ्यावे, की भूमिकेतले वैर मुखवट्यासोबतच उतरले पाहिजे.