कूतचा वेढा : मैदा, आटा आणि बसऱ्याच्या भिंतीवरचा आकडा

निजामपुऱ्यातले माझे एक जुने रुग्ण, मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, परवा मोबाइलवर काही फोटो घेऊन आले. त्यांचा नातू बसऱ्याला तेलकंपनीत नोकरीला आहे. आजोबांच्या सांगण्यावरून तो शहराबाहेरच्या युद्धस्मारकावर जाऊन आला. काकांचे स्वतःचे आजोबा ११० व्या मराठा पलटणीत शिपाई होते. पहिल्या महायुद्धात ते तुर्कांच्या कैदेत गेले आणि परत आले नाहीत. काकांचा प्रश्न साधा होता, "डॉक्टर, माणूस गोळीने मेला की आजाराने? आणि भिंतीवर नाव का नाही?" त्यांच्या परवानगीने हे लिहितो आहे.

नावाचं आधी सांगतो. बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. पण हिंदी सैन्यातल्या फक्त अधिकाऱ्यांची नावं तिथे कोरली गेली. हवालदार, नाईक, शिपाई हे पलटणीच्या नावाखाली नुसत्या आकड्याने मोजले. नातवाला आकडा दिसला, तो यामुळे. शिवाय हे स्मारक मूळ जागी नाही. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते बंदराजवळून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर दूर नेलं गेलं.

आता आजाराकडे येऊ, कारण माझ्या मते खरं उत्तर तिथे आहे.

७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, म्हणजे जवळपास पाच महिने, जनरल टाउनशेंड यांची सहावी (पूना) डिव्हिजन तैग्रिस नदीकाठच्या कूत गावात अडकून पडली. तीत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आलं, तसा शिधा आठवड्याआठवड्याला घटत गेला. आणि एकाच गावात, एकाच वेढ्यात, दोन प्रकारच्या सैनिकांना दोन वेगळे आजार झाले.

गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी झाला. पाय सुजणं, बधिर होणं, चालता न येणं, हृदय थकणं, ही त्याची लक्षणं. त्यांचा पाव पांढऱ्या पिठाचा, म्हणजे मैद्याचा होता. गव्हाचा कोंडा आणि अंकुर काढून टाकले की त्याबरोबर ब-१ जीवनसत्त्वही (थायमिन) जातं. हिंदी शिपायांना मिळणारा आटा चोकरासकट होता, त्यामुळे ते या आजारातून बरेचसे वाचले. गंमत पाहा, पांढरं पीठ संपलं आणि गोऱ्यांनाही आटा व जवाचा पाव खावा लागला, तेव्हा त्यांचा बेरीबेरी ओसरू लागला. 'व्हिटॅमिन' हा शब्द तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता.

आपल्या शिपायांना झाला तो स्कर्व्ही. हिरड्या सुजून रक्त येतं, दात हलतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात, सांधे दुखतात, अंगात त्राण राहत नाही. कारण, क जीवनसत्त्वाचा अभाव. ताजी भाजी नव्हती. घोडे आणि खेचरं कापून मांस दिलं जात होतं, आणि ताज्या मांसात थोडं का होईना क जीवनसत्त्व असतं, म्हणून गोऱ्यांना स्कर्व्ही कमी झाला. हिंदू आणि मुसलमान शिपायांनी बराच काळ ते मांस नाकारलं. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा आल्या, तरी अनेकांचं मन घेईना. गावी परतल्यावर जातीबाहेर टाकतील ही भीती खरी होती. आज आपण त्याला अडाणीपणा म्हणून मोकळे होतो, ते मला पटत नाही. शेवटी एप्रिलमध्ये बरेच जण ते खाऊ लागले, पण तोवर अंगातली शिल्लक संपली होती.

थोडं विषयांतर. युद्धाच्या अखेरीस लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही रोखण्याची ताकद जवळजवळ नसते, पण ते भिजवून मोड आणले की ती येते. म्हणजे आपली मोडाची मटकी! कूतमध्ये हे कुणाला ठाऊक असतं तर, असं वाटून जातं. अर्थात फोडलेल्या डाळीला मोड येत नाहीत, अख्खं कडधान्यच लागतं.

शरणागतीनंतर सुमारे १३ हजार माणसं कैद झाली. पहिला तळ कूतपासून जवळच, शुमरान इथे. उपाशी माणसांच्या हाती तुर्की फौजेची टणक, भरड बिस्किटं पडली. ती खाऊन कित्येकांना जुलाब लागले आणि काही दिवसांतच अनेक जण गेले. महिनोन्महिने उपाशी राहिलेल्या आतड्याला असं अन्न झेपत नाही. एकदम पोटभर जेवण दिलं तर रक्तातले क्षारही धोकादायकरीत्या घसरतात. आजही दीर्घ उपासमारीतल्या रुग्णाला आम्ही थोडंथोडंच वाढवत नेतो. पुढे वाळवंटातून पायी चाल, रास-अल-ऐनला रेल्वेमार्गाचं काम, टायफस आणि ताप. कैद्यांवर उपचार करणारे बंगाली डॉक्टर कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जीही १९१७ मध्ये तिथेच तापाने वारले.

काकांच्या आजोबांचा नेमका आजार मी सांगू शकत नाही. पण कैदेत मेलेल्यांपैकी बहुतेकांना गोळीने नव्हे, भूक, जुलाब आणि तापाने नेलं, हे नक्की.

हे आजार इतिहासजमा झालेले नाहीत. चहा-पाव किंवा नुसत्या भातावर दिवस काढणारे एकटे वृद्ध, रोज दारू पिणारे, वारंवार उलट्या होणारे रुग्ण, यांच्यात ब-१ ची कमतरता मला दिसते. खाणावळीत फक्त डाळभात खाणाऱ्या तरुण यंत्रमाग कामगाराच्या हिरड्यांतून रक्त येत असेल, तर दातांबरोबर ताटाचीही चौकशी करतो. पेरू, आवळा, लिंबू, मोडाचं कडधान्य महाग नाही. पाय बधिर होऊन सुजले आणि दम लागत असेल, तर मात्र घरगुती उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणि ज्यांच्या घरातलं कुणी असं गेलं असेल त्यांच्यासाठी : भिंतीवर नाव नसलं तरी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदवहीत शिपायांची नावं आहेत. पुष्कळ ठिकाणी वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हाही आहे. आयोगाच्या संकेतस्थळावर ती शोधता येतात. इंग्रजी स्पेलिंग तीन-चार प्रकारे लिहून पाहा. पलटण माहीत नसेल तर घरातलं जुनं पदक शोधा. त्याच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते.