सरकती मांडणी, संगणकीय

संगणकाच्या पडद्यावरील मर्यादित जागेतून तीपेक्षा मोठा मजकूर, चित्र किंवा नियंत्रक घटकांचा समूह पुढेमागे सरकवून पाहता येईल अशी रचना. तिची मुख्य अंगे तीन : दृश्य भाग दाखविणारी दृश्यचौकट, तिच्यामागील प्रत्यक्ष आशयक्षेत्र आणि या दोहोंचे प्रमाण दर्शविणारी सरकपट्टी म्हणजेच स्क्रोलबार. बटन, नामपट्टी, लेखनकप्पा इ. नियंत्रक घटकांना विजेट ही संज्ञा आहे. आज्ञावली चालू असतानाच विजेटांची भर पडू लागली म्हणजे आशयक्षेत्राचा आकार कोणी ठरवावयाचा व तो सरकपट्टीस कोणी कळवावयाचा, हे प्रश्न निर्माण होतात. त्यांची उत्तरे चुकल्यास घटक संगणकाच्या स्मृतीत असतो. परंतु वापरणाऱ्यास तो कधीच गाठता येत नाही. या रचनेचा इतिहास मुख्यतः या प्रश्नांच्या सोडवणुकीचा आहे. [→ संगणक].

प्रारंभ : दृश्य भाग व मूळ आशय यांची फारकत प्रथम चित्ररेखनात झाली. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत आयव्हन सदरलंड यांनी १९६३ मध्ये प्रबंधरूपाने मांडलेल्या स्केचपॅड या आज्ञावलीत रेखनाचा कागद पडद्यापेक्षा पुष्कळच मोठा कल्पिलेला होता व पडदा ही त्यावर फिरणारी खिडकी होती. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात (स्थापना १९७०) आल्टो हा संगणक १९७३ मध्ये तयार झाला. त्याचा पडदा बिंदूंचा असल्याने डॅन इंगल्स यांनी योजलेल्या बिटब्लिट या क्रियेने बिंदूंचा आयताकृती समूह उचलून दुसरीकडे ठेवता येई व सरकविताना फक्त नव्याने उघडा पडलेला पट्टाच रेखाटावा लागे. याच केंद्रात नॉर्वेचे ट्रिग्व्ह रेन्सकाउग यांनी १९७९ मध्ये आशय, त्याचे दर्शन व त्याचे नियंत्रण ही अंगे वेगळी ठेवण्याचा विचार मांडला.

झेरॉक्स स्टार (१९८१), ॲपल लिसा (१९८३) व मॅकिंटॉश (१९८४) यांमुळे सरकपट्टीचा प्रसार झाला. मॅकिंटॉशच्या पडद्यावर ५१२ × ३४२ एवढेच बिंदू असल्याने तेथे ती गरजच होती. मात्र सरकपट्टीची कमाल मर्यादा ठरविणे आणि उघडा पडलेला भाग पुन्हा रेखाटणे ही कामे आज्ञावलीकारालाच करावी लागत. संवादपटातील घटकांच्या जागाही आयतांच्या अंकांनी आधीच निश्चित केलेल्या असत. अशा व्यवस्थेत नंतर येणाऱ्या घटकास स्वाभाविक स्थान नव्हते. शिवाय टंकाचा आकार किंवा भाषा बदलताच मजकूर कापला जाई. देवनागरीतील शिरोरेषेवरील मात्रा व खालचे उकार यांना अशा मांडणीत पुरेशी उंची न मिळण्याचा धोका विशेष असतो.

आकाराची वाटाघाट : उपरोक्त मॅसॅचूसेट्स संस्थेतच १९८४ मध्ये एक्स या खिडकीप्रणालीचे कार्य सुरू झाले, तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली. तिच्यावर आधारलेल्या साधनसंचात विजेटांचा वंशवृक्ष मानला गेला. अपत्य-घटकाने आकारबदलाची विनंती करावयाची व पालक-घटकाने ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘जवळपास’ असे उत्तर द्यावयाचे, असा त्याचा संकेत होता. स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क लिंटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरव्ह्यूज या संचात डॉनल्ड कनूथ यांच्या टेक या मुद्रणजुळणी प्रणालीतील ‘पेट्या व गोंद’ ही कल्पना घेतली. अंकांची जागा अशा रीतीने परस्परसंबंधांनी घेतली व नव्या घटकास सामावून घेणे सुकर झाले.

सरकत्या मांडणीत मात्र एक पेच उरला. सामान्य मांडणीत बाहेरची चौकट आतल्या घटकांना जागा वाटून देते. सरकत्या मांडणीत आतील आशय दृश्यचौकटीपेक्षा मोठा होऊ देणे हाच हेतू असतो. जॉन ऑस्टरहाउट यांनी बर्कली येथे विकसित केलेल्या टीके या संचात (वर्णन प्रसिद्ध १९९१) यासाठी कॅन्व्हसमध्ये एक धारक-घटक बसवून त्यात विजेट भरण्याची पद्धत रूढ झाली. धारकाचा आकार बदलला की सरकक्षेत्र पुन्हा मोजावे लागते. ते न केल्यास नवे विजेट खाली तयार होतात, पण सरकपट्टी तेथवर पोहोचत नाही. जावा भाषेच्या स्विंग संचात (१९९८) दृश्यमान धारकात घटक घातल्यावर मांडणी पुन्हा ग्राह्य करून घ्यावी लागते. नॉर्वेत विकसित झालेल्या क्यूट संचाच्या चौथ्या आवृत्तीत (२००५) सरकक्षेत्रासाठी स्वतंत्र विजेट आले. त्यात घटकांची मांडणी सरकक्षेत्रावर न लादता आतील आशय-विजेटावर लावावी लागते व त्या विजेटास आकार बदलण्याची मुभा द्यावी लागते. संच भिन्न असले, तरी तत्त्व एकच : भर आशयक्षेत्रात घालावी आणि तिची वार्ता बाहेरच्या चौकटीस पोहोचवावी.

मर्यादा व नवे मार्ग : एक्स प्रणालीत स्थाननिर्देशक अंक सोळा द्विमान अंकांचे असल्याने ३२,७६७ बिंदूंपलीकडील घटकांची जागा दर्शविता येत नाही. त्यापूर्वीच हजारो घटकांच्या निर्मितीने वेग मंदावतो. यावर लिंटन व पॉल कॅल्डर यांनी १९९० मध्ये ग्लिफ हे अत्यंत हलके व सामायिक वापराचे घटक सुचविले. पुढे दृश्य भागापुरतेच विजेट निर्माण करण्याचे आभासी मांडणीचे तंत्र रूढ झाले. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रेझेंटेशन फाउंडेशन (२००६) या संचात ते अंतर्भूत आहे. यात न दिसणाऱ्या घटकांची उंची अंदाजाने धरल्यास सरकपट्टीचा खटका मध्येच उडी घेतो. तसेच अंध व्यक्तींसाठी पडदा वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीस अद्याप निर्माणच न झालेला घटक आढळत नाही. त्यासाठी तो मागणीनुसार प्रकट करण्याची वेगळी सोय करावी लागते. जे दृष्टीआड आहे ते वापरणाऱ्याच्या आवाक्यात ठेवणे, ही सरकत्या मांडणीची मूळ कसोटी येथेही लागू पडते.